हात न टेकता

पहिल्या दिवशी त्यांनी मला जमिनीवर बसायला सांगितलं आणि स्वतः चहा प्यायला निघून गेले.

"मांडी घालून बसा. आता उठा. पण हात कुठंच टेकवायचे नाहीत. ना जमिनीले, ना गुडघ्याले, ना भिंतीले. मी आलोच."

सक्करदऱ्याच्या तलावामागे एका विहाराच्या आवारात टिनाचं शेड होतं. तीच त्यांची व्यायामशाळा. सकाळचे साडेपाच वाजले होते. आजूबाजूला सात-आठ म्हातारे लोखंड उचलत होते आणि माझ्याकडे बघायचं नाही असं ठरवल्यासारखे छताकडे बघत होते. मी पुढे झुकलो, मागे झुकलो, कुशीवर कललो, रांगत्या पोरासारखा गोल फिरलो. एकसष्ट वर्षांचा माणूस, अंगात नवा ट्रॅकसूट, आणि स्वतःच्या दोन पायांवर उभं राहता येईना. शेवटी सरपटत खिडकीपर्यंत गेलो, गज धरला आणि उठलो.

ते मिशा पुसत परत आले.

"खिडकी धरली ना?"

मी नाही म्हणणार होतो. त्यांनी गजाकडे बोट केलं. गजावरची धूळ चार बोटांच्या मापानं पुसली गेली होती.

"उद्या या," ते म्हणाले.

मी तिथवर पोचलो त्याला कारण माझे गुडघे. सिंचन खात्यात आरेखक म्हणून चौतीस वर्षं मी स्टुलावर बसून कालव्यांचे नकाशे काढले, आणि रिटायर झाल्यावर तेच बूड उचलून सोफ्यावर ठेवलं. साखर होतीच. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून झाल्यावर माझ्या मांड्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "नुसतं चालून भागणार नाही. स्नायू झडत चाललेत तुमचे. वजन उचला." मी आधी घराजवळच्या एका जिममध्ये गेलो. तिथे चारही भिंतींना आरसे, कानठळ्या बसवणारी गाणी, आणि एक पोट्टा मला 'अंकल' म्हणत सायकलवर बसवून मोबाइल बघायला गेला तो गेलाच. दोन दिवसांत सोडलं. मग शेजारचे गार्डसाहेब, म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, मला ओढत या शेडमध्ये घेऊन आले.

पहिल्या दिवशी मला जमिनीवर बसवणाऱ्यांना सगळे फिटरभाऊ म्हणत. खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर होते, बॉयलरच्या कामावर. वय सहासष्ट. ठेंगणे, मानेला मान म्हणावी की खांदाच, अशी ठेवण. चष्म्याला मागून काळं इलॅस्टिक बांधलेलं, आणि खाकी हाफपँटच्या खिशात कायम दहा-अकराचा पाना. कुठेही गेले तरी ते आधी तिथले नटबोल्ट चाचपत. बागेतला झोका, बसची सीट, डॉक्टरकडची खुर्ची, काहीही. ढिलं सापडलं की पाना निघे. एकदा आम्ही एका ओळखीच्यांच्या घरी भेटायला गेलो होतो, त्यांचे वडील वारले होते. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि या शांततेत कुर्र, कुर्र असा आवाज. फिटरभाऊ स्वतःच्या खुर्चीचा पाय आवळत होते. बाहेर आल्यावर गार्डसाहेब चिडले. हे म्हणाले, "काहून? त्यायचा बाप गेला, आता आई त्या खुर्चीवरून पडली म्हणजे?"

छप्पन साली त्यांच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा हे आईच्या पोटात होते. "लोक सांगतात आमी मैदानात उभं होतो. मी तर उभं राहाले शिकायच्या आधी जाऊन आलो," असं ते अभिमानानं सांगत. उभं राहणं हा त्यांचा जन्मभराचा विषयच होता म्हणा ना.

शेडमधलं सगळं सामान त्यांनी घरी केलेलं. भंगारातून आणलेली व्हॉल्व्हची चाकं, सिमेंट भरलेले तेलाचे डबे, जुन्या जीनच्या कापडाच्या रेती भरलेल्या पिशव्या. कशावरही किलोचा आकडा नव्हता. पांढऱ्या पेंटनं नावं लिहिलेली होती. 'पाण्याची बकेट.' 'गव्हाचा कट्टा.' 'सिलेंडर.' 'नातू, वय तीन.' 'नातू, वय पाच.' कुणी विचारलं, भाऊ हे किती किलो, की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

"किलो भाजीवाल्याले सांगा. तुमाले नातू उचलता येते का नाही, थे बोला."

मला 'नातू, वय तीन' पर्यंत यायला दोन महिने लागले. खरा नातू तोवर चार वर्षांचा होऊन गेला होता.

शाबासकी द्यायची त्यांना सवय नव्हती. चुकलं तर ओरडत, बरोबर झालं तर दुसऱ्याकडे वळत. "म्हातारपण केसातून नाही येत गा, मांडीतून येते," असं म्हणत आमच्या मांड्यांवर चापट मारत. तलावाच्या रस्त्यावरच्या पोहेवाल्याशी त्यांचं कायम वाकडं होतं, कारण आम्ही शेडमधून निघालो की तर्रीच्या वासानं आपोआप तिकडे वळत असू. हे मागून येत आणि भर गर्दीत ओरडत, "पोहे खाऊन मांडी नाही भरत! दोन अंडी खा, नाही तर चणे खा!" पोहेवाला एकदा म्हणाला, "फिटरभाऊ, मले पण मांड्या आहेत, मी पण पोहेच खातो." त्यांनी खाली वाकून त्याची मांडी खरंच दाबून पाहिली. "तू उभा राहून धंदा करते म्हणून वाचला," म्हणाले.

एकदा वस्तीत ज्येष्ठांचा सत्कार झाला. प्रत्येकाला शाल आणि एक वेताची काठी. फिटरभाऊंनी स्टेजवरच काठी परत केली आणि शाल ठेवून घेतली. "शाल थंडीत कामात येईन. काठी आतापासून कायले?" आम्ही टाळ्या वाजवल्या. आमच्यापैकी तिघांच्या हातात आधीपासून काठ्या होत्या, त्यांनी सगळ्यात जोरात वाजवल्या.

आता ते नाहीत. वर्ध्याला मुलीकडे गेले होते, तिथेच झोपेत गेले. वर्ष होत आलं. मला त्यांच्या मुलीनं फोन करून सांगितलं तेव्हा मी जमिनीवरच बसलेलो होतो, वर्तमानपत्र पसरून. फोन ठेवला आणि बराच वेळ उठावंसं वाटलं नाही.

त्यांच्याबद्दल सांगायचं तर त्या लांबड्या पोत्याबद्दल सांगावं लागेल.

शेडच्या कोपऱ्यात जाड ताडपत्रीचं एक पोतं होतं. माणसाएवढं लांब, आतून तीन-चार भाग केलेले, पण कसंही धरलं तरी मधून लोंबणारं. त्यावर नाव नव्हतं. त्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. आम्ही सगळे निघायच्या बेतात असलो की फिटरभाऊ त्याच्याजवळ जात, एक गुडघा टेकत, एक हात वरच्या बाजूला खाली सरकवत, एक मधोमध, छातीशी घेत आणि उठत. मग चार पावलं चालून एका बाकावर ठेवत. ठेवताना इतकं सावकाश ठेवत की आवाज होत नसे. मग पुन्हा उचलून जमिनीवर. असं दहादा. संध्याकाळी पुन्हा येऊन दहादा. रविवार नाही, दिवाळी नाही. मे महिन्यात टिन असं तापे की हात लावला तर चटका बसावा, तेव्हाही.

दर महिन्या-दोन महिन्यांनी ते पोत्याचं तोंड सोडून ओंजळ-दोन ओंजळ रेती काढून टाकत. गार्डसाहेबांच्या ते लक्षात आलं.

"काय भाऊ, वजन कमी करून राहिले? आमाले वाढवाले लावता आणि स्वतः चोरी?"

आम्ही हसलो. फिटरभाऊंनी पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"घरी वजन कमी होऊन राहिलं," ते म्हणाले. "इथं पण कराच लागते ना."

आम्हाला काहीच कळलं नाही. गार्डसाहेब पोह्यांकडे वळले. मी मागे राहिलो, कारण माझी चप्पल सापडत नव्हती. तेव्हा फिटरभाऊंनी मला सांगितलं, पाठमोरे उभे राहून, हातावरची रेती झटकत.

त्यांच्या बायकोला तीन वर्षांपूर्वी लकवा मारला होता. डावी बाजू गेली. हळूहळू काठीवर चालायला लागली होती. एका सकाळी हे भाजी घेऊन आले, तर ती न्हाणीघरात पडलेली. उचलायला गेले आणि उचलता येईना.

"पस्तीस वर्षं मी व्हॉल्व्ह उचलले, नकाशेवाले," ते म्हणाले. मला ते नकाशेवालेच म्हणत. "माणसं म्हणत, फिटरले बोलवा, क्रेन कायले. अन रिटायर होऊन पाच-सहा वर्षं खुर्चीत बसलो तर पायातलं सगळं गेलं होतं. आपली बायको नाही उचलली मले. शेजारी लग्नाले गेले होते. फोन हॉलमध्ये, चार्जिंगले. मी तिले सोडून फोन आणाले उठलो तर तिनं हात धरला, जाऊ नका म्हणे. दोन तास. थंड फरशीवर ती, अन बाजूले मी बसून. मंग दूधवाला आला बिलासाठी, त्यानं उचललं."

त्यानंतर ती कधी चालली नाही. आणि त्यानंतर आठवड्याभरात यांनी पहिला डबा सिमेंटनं भरला. पोत्यात तिच्या वजनाची रेती होती. तिला दिवसातून चारदा उचलावं लागे, पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. तिचं वजन उतरत होतं, ते हातांनाच कळत होतं, आणि तेवढी रेती ते काढत होते.

"बाई ठेवा ना कुणी," मी म्हणालो.

"ठेवली होती. मीच काढून टाकली. तिनं पाडलं म्हणजे?" ते म्हणाले. "त्या दिवसाचं मी घरी नावपण नाही काढत. तिले किती लाज वाटली असंन. पुन्हा तसं नाही होऊ द्यायचं, बस."

मी चप्पल घातली आणि घरी आलो. माझ्या बायकोनं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काही नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात चिकनगुनियानं वस्तीतलं एकही घर सोडलं नाही. एका सकाळी शेडला कुलूप होतं. आठ वाजता मला फोन आला. फिटरभाऊंनी मला कधी फोन केला नव्हता.

"नकाशेवाले, येता का? एक वजन उचलायचं आहे."

त्यांचं घर शेडपासून पाच मिनिटांवर. ते दारात भिंतीला टेकून उभे होते. बोटं सुजून केळ्यांसारखी झालेली, चहाचा कप धरता येत नव्हता. आत पलंगावर वहिनी. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. लहानखुऱ्या, पांढरे केस कुणीतरी वाकडेतिकडे विंचरलेले, चेहरा एका बाजूला ओढलेला. डोळे मात्र असे की त्या काहीतरी गंमत बोलणार आहेत हे आधीच कळावं. मुलीनं वर्ध्याहून फोनाफोनी करून अंघोळ-पांघोळीसाठी एक बाई ठरवून दिली होती, पण उचलणं एकट्या बाईला जमत नव्हतं.

मी गुडघा टेकला. मागून फिटरभाऊंचं सुरू झालं. "कंबरेतून नाही, पायातून! डावा हात पाठीखाली! श्वास सोडत उठा! घाई करू नका!"

मी वहिनींना उचललं. माझ्या आयुष्यात मी कुणा मोठ्या माणसाला पहिल्यांदा उचललं ते असं. खुर्चीत ठेवल्यावर त्या जड जिभेनं, एकेक शब्द मोकळा करत म्हणाल्या, "भाऊजी, यायच्याकडे लक्ष नका देऊ. यायले मी पण बॉयलरच वाटते."

पुढचे बारा दिवस मी सकाळी जात होतो आणि गार्डसाहेब संध्याकाळी. वहिनींना तासभर खिडकीशी खुर्चीत बसायला आवडे, मग परत पलंगावर. तो तासभर मी तिथेच बसत असे. फिटरभाऊ पहिले चार दिवस आतल्या खोलीत कण्हत पडून होते. पाचव्या दिवशी पाऊल टाकता आलं तसे भिंत धरत धरत शेडमध्ये निघाले. उचलता येत नव्हतं, पण बाकीच्यांच्या चुका काढायला कुणीतरी हवं ना.

फाटकाची कडी वाजली. वहिनी त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे खिडकीतून बघत होत्या.

"गेले," त्या म्हणाल्या. "दोन तास सकाळी, दोन तास संध्याकाळी. तिथं मले उचलतात. माहीत आहे मले पोत्याचं. पोरीनं सांगतलं मले." जरा थांबून त्यांनी श्वास घेतला. "घरी आले की पुन्हा मले उचलतात. मंग हाताले व्यायाम देतात, पायाले व्यायाम देतात. एक, दोन, तीन, चार. मोजतात. बोलत नाहीत."

मी म्हणालो, "तुमच्यासाठीच करतात ना, वहिनी."

"हो ना. म्हणून तर काही म्हणता येत नाही."

त्या बारा दिवसांत त्या माझ्याशी पुष्कळ बोलल्या. इतकं बोलायचं साचलं होतं. खापरखेड्याच्या कॉलनीतल्या गोष्टी. लग्न होऊन आल्या तेव्हा नवरा पहिल्या दिवशी ड्यूटीवरून परत आला तो कोळशानं असा माखलेला की यांनी दार उघडलंच नाही, कोण पाहिजे विचारलं. "थे म्हणे, मी राहतो इथं." हे सांगताना हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पुसायला उजवा हात वर गेला.

दहाव्या दिवशी त्या अचानक म्हणाल्या, "मी पडली होती, त्या दिवसाचं सांगतलं का यायनं?"

मी मान हलवली.

"काय सांगतलं?"

"की उचलता आलं नाही म्हणून."

"दोन तास बसले होते माझ्याजवळ," वहिनी म्हणाल्या. "खाली, ओल्यात. माझं डोकं मांडीवर घेऊन. पहिल्या दिवशी बॉयलरवर चढवलं तेव्हा किती भेव लागलं होतं, थे सांगतलं. पँट ओली झाली होती म्हणे. चाळीस वर्षांत मले नव्हतं सांगतलं. त्यायच्या आईचं सांगतलं. मंग मी म्हटली, गाणं म्हणा. म्हटलं ना त्यायनं! असं भसाडं." त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. "भाऊजी, दूधवाला आला ना, मले वाटलं कायले आला हा."

थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुमी सांगा ना यायले. मी सांगतलं तर यायले वाटीन, मी कुरकुर करून राहिली. तुमी सांगा, कमी उचला, जरा बसा म्हणा."

"सांगतो," मी म्हणालो.

आणि सांगितलं नाही.

का सांगितलं नाही याची मी बरीच कारणं स्वतःला दिली. नवराबायकोच्या मधलं, आपण कोण. त्यांच्या बोटांची सूज उतरू दे. दिवाळी होऊ दे. खरं कारण मला तेव्हाही माहीत होतं. मी त्या शेडमध्ये बरा होत होतो. ऑक्टोबरात एके सकाळी मी मांडी घालून बसलो आणि हात न टेकता सरळ उठलो, आणि फिटरभाऊ दुसरीकडे न वळता माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "झालं." एवढंच. मला इतका आनंद नोकरीत बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता. हा माणूस घरी बसला तर शेड बंद पडेल, हे मला दिसत होतं. म्हणून मी उद्यावर ढकलत राहिलो.

डिसेंबरात, एका सकाळी, वहिनींना दुसरा झटका आला. फिटरभाऊ तेव्हा आमच्यात होते. मी त्या दिवशी 'सिलेंडर' उचलला होता आणि ते माझ्या पाठीवर हात ठेवून उभे होते. "पायातून, पायातून." मग नेहमीसारखं त्यांनी पोतं दहादा उचललं आणि घरी गेले.

आम्ही पोचलो तेव्हा घरात शेजारच्या बायका जमल्या होत्या. दुपारी मुलगी-जावई आले. पांढऱ्या कपड्यांत माणसं, भंतेजींचा हळू आवाज, बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या. न्यायची वेळ झाली तसा जावई आणि दोन नातेवाईक पुढे झाले. फिटरभाऊंनी त्यांना नुसतं डोळ्यांनी मागे सारलं. एक गुडघा टेकला, एक हात पाठीखाली घातला, एक मधोमध, छातीशी घेतलं आणि उठले. चार पावलं चालले. ठेवलं. आवाज झाला नाही. आम्ही आठही जण भिंतीशी उभे होतो, आणि गार्डसाहेब, जे प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलत, ते तोंडावर हात दाबून बाहेर निघून गेले.

पुढे महिनाभर त्यांनी शेड उघडलं. वेळेवर यायचे, पण ओरडायचे नाहीत. कुणी कंबरेतून उचललं तरी बघत राहायचे. खिशात पाना होता, पण बाकाचा एक नट लटपटत होता तो लटपटतच राहिला. मग एक दिवस किल्ली गार्डसाहेबांकडे देऊन गेले ते परत आलेच नाहीत.

जानेवारीच्या शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. पलंगाची गादी गुंडाळून ठेवली होती आणि हे समोरच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसलेले. मी त्यांच्या शेजारी बसलो.  मुलगी वर्ध्याला चला म्हणते, असं त्यांनी सांगितलं. 

"त्या दिवशी मी आलो ना शेडमधून," ते म्हणाले, "तर डोळे मिटून होती. मले वाटलं झोपून राहिली. रोज झोपलीच राहे मी यायच्या टायमाले. मी रोज तिथं दारात उभा राहत होतो पाच-सात मिनिटं. पाहत. उठवावं वाटे नाही. त्या दिवशी पण तसाच उभा राहिलो. पाहत." त्यांनी हात मांडीवर उलटे ठेवले होते. "ती गेलेली होती, अन मी पाहत उभा."

 हेही वहिनींनी मला सांगितलं होतं. खिडकीशी बसून, हसत हसत.

"त्या झोपलेल्या नसायच्या, भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी मान वळवली.

"मला सांगत होत्या. फाटकाची कडी वाजली की मी डोळे मिटून घेते म्हणे. जागी दिसली तर लगेच उचलतात, हात-पाय मोजायला लागतात. झोपलेली दिसली की दारात उभे राहून पाहतात. तेवढ्यासाठी मिटते, म्हणे. कधी कधी पापणी हलते, पण यायले चष्म्यातून दिसत नाही."

 मग मी राहिलेलं सगळं सांगितलं. न्हाणीघरातले दोन तास, बॉयलर, भसाडं गाणं, दूधवाला कायले आला. आणि वहिनींनी मला काय सांगायला सांगितलं होतं ते. कमी उचला, जरा बसा.

"कधी म्हणाली?"

"पावसाळ्यात."

"पावसाळ्यात," ते म्हणाले. मग अगदी हळू, "मंग तवाच काहून नाही सांगतलं गा?"

 खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. मी खाली फरशीकडे बघत राहिलो. आता हे मला घराबाहेर काढतील असं वाटलं, आणि काढलं असतं तर बरंच झालं असतं. बाहेर रस्त्यावरून भाजीवाली ओरडत गेली. तिचा आवाज तलावाच्या वळणापर्यंत ऐकू येत होता, तोवर ते तसेच बसून होते.

मग त्यांनी चष्मा काढला. इलॅस्टिक केसांत अडकलं होतं, ते सोडवायला त्यांना वेळ लागला.

"अजून काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

मी कोळशाची गोष्ट सांगितली. दार न उघडल्याची. "मी राहतो इथं" या वाक्याशी ते किंचित हसले.

"अजून?"

मी कॉलनीतल्या शेजारणीचं सांगितलं. मुलीच्या बारशाच्या दिवशी हे पाना घेऊन पाळणा आवळत बसले होते, ते सांगितलं. एकदा यांनी वांग्याच्या भाजीत चुकून दोन वेळा मीठ घातलं आणि वहिनींनी ती न बोलता खाल्ली, ते सांगितलं.

"अजून?"

बारा दिवसांतलं जेवढं आठवत होतं तेवढं मी एकेक करून दिलं. मध्येच ते म्हणत, "हो, हो, असंच झालं होतं," किंवा नुसती मान हलवत. ऊन खिडकीतून आत येऊन गुंडाळलेल्या गादीवर पडलं आणि तिथून सरकून भिंतीवर गेलं. एक वाजून गेला असेल. माझ्याजवळचं सगळं संपलं.

"अजून काय म्हणाली, नकाशेवाले?"

मग मी बनवून सांगायला लागलो. त्या असं म्हणाल्या, एकदा तसं म्हणाल्या. आवाज त्यांच्यासारखा लावायचा प्रयत्न केला, तो जमत नव्हता. चाळीस वर्षं त्या बाईबरोबर राहिलेल्या माणसाला ते कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि मला थांबवलं नाही.